डेस्कटॉपला बाहेरचे स्पीकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटरचा आवाज सुधारायचा म्हटलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात. आमचा सल्ला उलटा आहे. आधी टेबल बघा, मग वायरी बघा, मग सेटिंग बघा आणि शेवटी पाकिटात हात घाला. खालचे प्रश्न साधारण खरेदीपासून दुरुस्तीपर्यंत या क्रमाने घेतले आहेत. अडचण नेमकी काय आहे हे ठाऊक असेल तर थेट त्या प्रश्नावर जा.

मॉनिटरमध्येच स्पीकर आहेत. वेगळे घेऊन काय फरक पडणार?

खूप. मॉनिटरमधले स्पीकर बहुधा एक-दोन वॉटचे असतात आणि त्यांचं तोंड खाली किंवा मागे असतं. म्हणजे तुम्ही ऐकता तो आवाज टेबलावर किंवा भिंतीवर आपटून आलेला असतो. स्पीकरचा एवढासा पडदा हवा हलवून हलवून किती हलवणार? खालचे सूर त्याला झेपतच नाहीत. तबला लावून बघा: तिरकिट स्वच्छ ऐकू येईल, पण डग्ग्याचा घुमार जवळजवळ गायब असेल. साधे, पण समोर तोंड असलेले तीन-चार इंची स्पीकर लावले तरी तो परत येतो.

खोक्यावर ‘४००० वॉट पीएमपीओ’ लिहिलंय. घेऊ का?

त्या आकड्याकडे बघूच नका. पीएमपीओला कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही, ज्याला जो आवडेल तो आकडा छापता येतो. ‘आरएमएस’ (सतत मिळणारी ताकद) लिहिलेला आकडा त्यातल्या त्यात बरा, पण तोही अडॅप्टरवरून ताडून पाहावा.

ताडायचा कसा? अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेला असतो. समजा १२ व्होल्ट, १.५ अँपिअर आहे. गुणाकार केला की १८ वॉट. भिंतीतून एवढीच वीज येत असेल, तर स्पीकरमधून सतत त्याहून जास्त बाहेर पडणं शक्यच नाही. त्यातले काही वॉट अॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारा भाग, स्वतःच्या उष्णतेत घालवतो. उरलेले दोन बाजूंना वाटले की एका स्पीकरच्या वाट्याला सातेक वॉट. यूएसबीवर चालणाऱ्या जोडीचा हिशेब आणखी गरीब: जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे दोन्ही स्पीकर मिळून अडीच वॉट.

आता दिलासा देणारी गोष्ट. टेबलावर बसून ऐकायला सात वॉट भरपूर झाले. साधा स्पीकर १ वॉटमध्ये १ मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. तुम्ही तर त्याच्या ७० सेंटिमीटरवर बसलेले असता, म्हणजे आणखी ३ डेसिबल फुकटात. वॉट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यामुळे २० की ३० वॉट यावर दुकानात वाद घालण्यापेक्षा पडदा किती इंची आणि डबा लाकडी की प्लास्टिकचा, हे विचारा.

२.०, २.१ की ५.१?

टेबलासाठी २.०. म्हणजे दोनच स्पीकर, पण बऱ्यापैकी मोठे: चार किंवा पाच इंची वूफर (खालच्या सुरांचा पडदा) आणि वेगळा ट्वीटर (वरच्या सुरांचा).

त्याच किमतीच्या २.१ (दोन स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) संचात पैसे तीन डब्यांत वाटले जातात. बाजूचे दोन इवलेसे असतात आणि त्यांना दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचं काही जमत नाही म्हणून तो भार सबवूफरवर टाकलेला असतो. मग पुरुष गायकाच्या आवाजाचा अर्धा भाग टेबलाखालून येऊ लागतो. चांगल्या सबवूफरकडे ८० ते १०० हर्ट्झच्या खालचंच काम असावं, कारण त्या पट्ट्यातला आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. त्याच्यावर गेलं की कळतं. जागाच नसेल, किंवा गेम आणि सिनेमे हाच मुख्य उपयोग असेल तर २.१ घ्या, हरकत नाही.

५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) तेव्हाच, जेव्हा मागचे दोन स्पीकर खरोखर पाठीमागे ठेवता येतील. पाचही मॉनिटरच्या शेजारी रांगेने उभे करणारी घरं भरपूर आहेत. तो खर्च वाया गेला समजा.

वूफर किती इंची घ्यावा?

हे इंचांपेक्षा सुरांत सांगणं सोपं. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला वाजते. अडीच-तीन इंची स्पीकर बहुधा ९०-१०० हर्ट्झच्या खाली ढेपाळतो, म्हणजे त्याला तो मूळ सूर वाजवताच येत नाही. तरी तंबोरा ओळखू येतो, कारण वरचे स्वरांश ऐकून कान मूळ सूर मनानेच भरून काढतो. फक्त तो बारीक आणि दूर वाटतो. चार ते पाच इंची वूफर चांगल्या डब्यात असेल तर ५५-६० हर्ट्झपर्यंत जातो आणि खर्ज खराखुरा ऐकू येतो. यापेक्षा मोठा वूफर टेबलावर ठेवायला अवघड, आणि दहा बाय दहाच्या खोलीत गरजही नसते.

अॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह म्हणजे काय?

अॅम्प्लिफायर पोटात असेल तर अॅक्टिव्ह. त्याला विजेची वायर असते. पॅसिव्ह स्पीकरला मागे फक्त लाल आणि काळी अशी दोन टोकं असतात, अॅम्प्लिफायर वेगळा लागतो. पॅसिव्ह स्पीकर थेट कॉम्प्युटरच्या जॅकला जोडला तर कान लावल्यावर कुजबुज ऐकू येईल इतपतच वाजतो. तो बिघडलेला नसतो, जॅकमध्ये तेवढी ताकदच नसते.

मागे इतकी रंगीत भोकं आहेत. पिन कुठे घालायची?

पोपटी रंगाच्या भोकात. १९९९ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने ठरवलेले रंग आजही चालतात: पोपटी पुढच्या स्पीकरना, गुलाबी माइकला, फिका निळा बाहेरून आवाज आत घ्यायला, नारिंगी मधल्या स्पीकरला आणि सबवूफरला, काळा मागच्या स्पीकरना. काही नव्या मदरबोर्डवर रंग नसतात. तिथे भोकाशेजारचं कोरलेलं चिन्ह मोबाइलच्या टॉर्चने बघा.

सीपीयूच्या पुढचा जॅक हेडफोनसाठी राहू द्या. तिथपर्यंत येणारी बारीक वायर डब्याच्या आतून पंखे आणि पॉवर सप्लायच्या जवळून जाते आणि वाटेत खरखर गोळा करते. शिवाय पुढे पिन घातली की मागचा आवाज बंद होणं हे अनेक कॉम्प्युटरवर ठरलेलंच असतं. ‘काल चालत होते, आज बंद’ या तक्रारीमागे बऱ्याचदा पुढच्या जॅकमध्ये विसरलेली हेडफोनची पिन निघते.

छोट्या डेस्कटॉपवर हेडफोन आणि माइकचा एकच जॅक असतो. स्पीकरची दोन काळ्या रेघांची पिन त्यात चालते. मात्र आवाज एकाच बाजूने आला किंवा गायकाचा आवाजच नाहीसा झाला, तर पिन पूर्ण आत गेलेली नाही असं समजा. अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली तरी हा प्रकार होतो.

जॅक, यूएसबी, ऑप्टिकल की ब्लूटूथ?

गेल्या काही वर्षांतल्या मदरबोर्डचा मागचा जॅक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा चांगला असतो. आधी त्यालाच जोडा. गाणं थांबवून, स्पीकरचा व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून, एक हातावर कान न्या. फस्स किंवा किरकिर ऐकू आली नाही तर वेगळा यूएसबी डॅक (कॉम्प्युटरमधल्या अंकांचा आवाज करणारी छोटी डबी) घेण्याची गरज नाही. ऐकू आली तर मात्र डॅकचा उपयोग होतो, कारण अंकांचा आवाज करण्याचं काम सीपीयूच्या गोंगाटी डब्याबाहेर होतं.

ऑप्टिकल वायरीतून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे गुणगुण कॉम्प्युटरमधून येत असेल तर हा रामबाण उपाय आहे. नव्या वायरीच्या टोकांना पारदर्शक प्लास्टिकची टोपणं असतात, ती काढायची राहून जातात आणि मग पिन बसत नाही. वायर काटकोनात दुमडू नका, आतला धागा मोडतो.

ब्लूटूथ शेवटचा पर्याय. आवाज दशांश एक-दोन सेकंद मागे पडतो. गाण्यांना फरक पडत नाही, गेममध्ये मात्र गोळी आधी लागते आणि आवाज नंतर येतो. दुसरी गंमत अशी, की स्पीकरमध्ये माइक असेल आणि एखाद्या मीटिंगच्या प्रोग्रॅमने तो वापरायला घेतला, तर अख्खा आवाज फोनसारखा चिरका होतो. यावर उपाय म्हणजे माइक म्हणून दुसरं काहीतरी निवडा, वेबकॅमचा माइक चालतो.

स्पीकर नेमके ठेवायचे कुठे?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. यात पैसे लागत नाहीत आणि फरक सगळ्यात मोठा पडतो.

नेहमी बसता तसं खुर्चीत बसा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या डोक्याचं अंतर सारखं हवं. टेबलावर हे साधारण ७० ते ९० सेंटिमीटर भरतं. दोरीने मोजा, अंदाजाने नको; एक स्पीकर दहा सेंटिमीटर जवळ असला तरी गायक मधोमध न राहता त्या बाजूला सरकतो. दोघांची तोंडं आत, तुमच्याकडे वळवा.

मग उंची. ट्वीटर कानाच्या पातळीवर हवा. टेबलावर थेट ठेवलेला छोटा स्पीकर तुमच्या पोटाशी बोलत असतो. दोन्हींखाली सारख्या जाडीचं काहीतरी द्या: लाकडी ठोकळे, विटा, अगदी जुन्या दिवाळी अंकांचे दोन सारखे गठ्ठेही चालतात, घट्ट बांधलेले असले म्हणजे झालं. उंची वाढवणं जमत नसेल तर पुढच्या कडेखाली खोडरबर सरकवून स्पीकर मागे कलवा. ट्वीटर कानाकडे बघू लागला की काम झालं.

आता आरसा घ्या. तो तुमच्या आणि स्पीकरच्या मध्ये टेबलावर आडवा ठेवा आणि हळूहळू पुढेमागे सरकवा. खुर्चीत बसून आरशात जिथे ट्वीटर दिसतो, नेमक्या त्याच जागेवर आवाज टेबलावर आपटून तुमच्या कानात येतो. हा आपटलेला आवाज थेट आवाजापेक्षा किंचित उशिरा पोचतो आणि त्यातले काही सूर खाऊन टाकतो, काही फुगवतो. स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेकडे आणले आणि उंच केले की ही जागा आखडते किंवा टेबलाबाहेर जाते. तेवढं शक्य नसेल तर तिथे जाड माउसपॅड किंवा चौघडी केलेला टॉवेल टाका. तीव्र सूर थोडे तरी निवतात.

भिंतीचं काय? भिंतीला चिकटवलेला स्पीकर खालचे सूर फुगवतो, कोपऱ्यात तर आणखीच. मागे हवेचं भोक असेल तर निदान एक वीतभर जागा सोडा. तेवढीही नसेल तर भोकात स्वच्छ पायमोजा गुंडाळून बसवा. खर्ज थोडा कमी होतो, पण घुमणं थांबतं. मात्र भिंतीपासून लांब नेण्यातही एक मेख आहे: स्पीकरचं तोंड भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर असेल तर परत येणारा आवाज साधारण २१५ हर्ट्झच्या आसपासचे सूर खातो, आणि नेमका तिथेच माणसाच्या आवाजाचा भरीवपणा असतो. म्हणून पाच-पाच सेंटिमीटर पुढेमागे करून, ओळखीच्या माणसाचं बोलणं लावून ऐका. बोलणारा डब्यात बसल्यासारखा वाटेनासा झाला की तिथेच थांबा.

आणि ते कॉम्प्युटर टेबलातले कप्पे! स्पीकर ठेवण्यासाठीच केले आहेत असं वाटतं, पण तिन्ही बाजूंनी बंद कप्पा म्हणजे दुसरा डबाच. त्यात ठेवलेला कुठलाही स्पीकर माठातून बोलतो. निदान कप्प्याच्या पुढच्या कडेला आणा, तोंड बाहेर काढा.

सबवूफर कुठे ठेवू?

टेबलाखाली उजव्या कोपऱ्यात सगळे ठेवतात, कारण तिथे जागा असते. एकदा उलटं करून बघा. सबवूफर तुमच्या खुर्चीवर ठेवा, खर्जाचं एखादं गाणं लावा आणि जमिनीवर रांगत जिथे-जिथे तो ठेवता येईल तिथे कान न्या. जिथे खर्ज भरीव पण ठोक्यागणिक वेगळा ऐकू येतो, ती त्याची जागा. घरचे हसतील, पण पद्धत पक्की आहे.

खाली रबराचे पाय किंवा जाड फोम द्या, नाहीतर आवाज फरशीतून खालच्या मजल्यावर जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खालच्या काकूंना डेसिबल ठाऊक नसतील, पण खर्ज भिंतीतून जातो हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

स्पीकरमधून सतत ‘हूं’ अशी गुणगुण येते. काय करू?

एकेक पायरी करत जा, एकदम सगळं बदललंत तर दोष कुठे होता ते कळणार नाही.

आधी ऑडिओची वायर स्पीकरच्या बाजूने काढा. गुणगुण तशीच राहिली तर दोष स्पीकरच्याच पॉवर सप्लायमध्ये आहे. जुन्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या संचात बहुधा मोठे फिल्टर कपॅसिटर सुकलेले असतात. वरून फुगलेले किंवा बुडाशी डिंकासारखं काही आलेलं दिसलं तर तेच. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे घालून घ्यायचे. हे काम स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, कारण आत २३० व्होल्ट असतात.

वायर काढल्यावर गुणगुण थांबली तर तीच वायर मोबाइलला जोडा. मोबाइल चार्जिंगला लावलेला नको. आवाज स्वच्छ आला म्हणजे स्पीकर आणि वायर निर्दोष, आणि भानगड अर्थिंगच्या फेऱ्याची आहे. कॉम्प्युटर एका वाटेने अर्थला जोडलेला, स्पीकर दुसऱ्या वाटेने, आणि दोघांना जोडणारी ऑडिओची वायर. हा पूर्ण फेरा झाला की त्यातून बारीक प्रवाह फिरतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण होऊन बाहेर येतो.

मग कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मिटली नाही तर टीव्हीला गेलेली एचडीएमआय वायर काढून बघा. सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून अर्थ घरात शिरलेला असू शकतो. तरीही राहिली तर ऑप्टिकल, किंवा मध्ये बसवायचा ऑडिओ आयसोलेटर. हा आयसोलेटर म्हणजे डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर. स्वस्तातले खर्ज थोडा खातात, एवढं लक्षात ठेवा.

थ्री-पिनची अर्थची पिन तोडून गुणगुण घालवणारे महाभाग भेटतात. गुणगुण जातेही. पण मग बिघाड झाला तर विजेला जायला वाट उरते ती तुमच्या अंगातून. हे कधीही करू नका.

सीपीयूला हात लावला की झिणझिण्या येतात आणि स्पीकरही गुणगुणतात.

घरात अर्थिंग नाही, किंवा तुटलं आहे. जुन्या चाळींत आणि वाड्यांत हे सर्रास दिसतं: थ्री-पिन बोर्ड असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर थोडा प्रवाह डब्यावर सोडतात. तो अर्थमधून जायला हवा, आणि वाट नसल्याने डब्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह किरकोळ असतो, पण चालू स्थितीत ऑडिओची किंवा एचडीएमआयची पिन काढ-घाल केली तर पोर्ट जळू शकतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या. तोवर पिन काढताना-घालताना दोन्ही उपकरणांची बटणं बंद ठेवा आणि प्लगही काढा.

माउस हलवला किंवा पान वरखाली केलं की किरकिर ऐकू येते.

तुमचे स्पीकर वीज यूएसबीतून आणि आवाज जॅकमधून, दोन्ही एकाच कॉम्प्युटरकडून घेत असणार. यूएसबीच्या ऋण तारेवरचा गोंगाट ऑडिओच्या ऋण तारेत शिरतो. यूएसबीची पिन कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलच्या साध्या टू-पिन चार्जरला लावा. बहुतेकदा किरकिर तिथल्या तिथे थांबते.

दिवे गेले की, इन्व्हर्टरवर, स्पीकर घरघरतात. बिघडले का?

नाही. स्वस्त इन्व्हर्टर गोलाईदार लहरीऐवजी चौकोनी लहर देतो आणि तिचे धारदार कोपरे स्पीकरमधून घरघर होऊन ऐकू येतात. ट्रान्सफॉर्मरवाले संच यात जास्त तापतातही. साइन वेव्ह, म्हणजे गोलाईदार लहर देणाऱ्या, इन्व्हर्टरवर हा त्रास नसतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही कधी असाच किरकिरतो: तो पूर्ण पाचवर फिरवा, किरकिर थांबली तर चोर सापडला.

विंडोजमध्ये काय-काय तपासावं?

सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, आणि तिथे खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. जुनीच छोटी खिडकी उघडते, सगळं कामाचं तिच्यात आहे.

स्पीकर निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा आणि ‘स्टीरिओ’ ठेवा. २.१ संचालाही स्टीरिओच. सबवूफर आपला वाटा स्वतःच काढून घेतो. इथे चुकून ५.१ राहिलं तर सिनेमात पार्श्वसंगीत दणदणीत आणि संवाद मात्र मेलेले, असं होतं. संवाद मधल्या स्पीकरला पाठवले जातात आणि तो तुमच्याकडे नसतोच.

मग ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा. कृत्रिम घुमारा आणि आभासी सराउंड यांनी आवाज भारदस्त नाही, गढूळ होतो. अपवाद एकच: ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ रात्री हळू आवाजात सिनेमा बघताना उपयोगी पडतं, संवाद वर येतात. ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवून द्या. १९२००० निवडून कानाला काही मिळत नाही.

फोन आला की गाणं आपोआप हळू होतं? ‘कम्युनिकेशन्स’ टॅबमध्ये इतर आवाज ८० टक्के कमी करण्याचा पर्याय आधीच निवडलेला असतो. ‘डू नथिंग’ करा.

आणि अपडेटनंतर आवाजच गेला, तर ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून आवाज कुठे जातोय ते बघा. बहुधा एचडीएमआयवरून मॉनिटरकडे वळलेला असतो.

लिनक्सवर आवाज सुरू होताना ‘टप्’ असा ठोका येतो.

वीज वाचवायला ऑडिओची चिप झोपवली जाते आणि जागी होताना ठोका देते. इंटेल एचडीए ड्रायव्हरचा ‘पॉवर सेव्ह’ शून्य केला की थांबतो. मागचा जॅक गप्प असेल तर अल्सामिक्सर या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये ‘ऑटो-म्यूट’ बंद करून बघा.

कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवू की स्पीकरचा?

कॉम्प्युटरचा ८०-१०० टक्के, आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने. उलट केलंत तर अॅम्प्लिफायर बारीक आवाजाबरोबर सगळी फस्सही मोठी करून ऐकवतो.

इक्वलायझरने आवाज सुधारतो का?

सुरांचे पट्टे कमी-जास्त करायची ही सोय कमी करायला वापरलात तर. तीन इंची स्पीकरला ४० हर्ट्झ वाढवून दिले तर खर्ज येत नाही, पडदा फडफडतो आणि बाकीचा आवाजही फाटतो. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट मिळतो. टेबलामुळे येणारा फुगवटा बहुधा १५० ते २५० हर्ट्झमध्ये असतो. तिथे ३ ते ४ डेसिबल कमी करून बघा, बोलणं लगेच मोकळं होतं. काही वाढवलंच, तर प्रीअॅम्प, म्हणजे त्याच प्रोग्रॅममधली एकूण पातळी, तेवढ्याच डेसिबलने खाली घ्या. मोजून करायचं असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ आणि मोजणीचा माइक लागतो. पण आधी जागा ठीक करा, मग मोजा.

पावसाळ्यात व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते.

बटणाच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर ओल आणि धूळ बसते. वीज काढा, बटण ओढून टोपी काढा, दांड्याच्या फटीत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन छोटे फवारे मारा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. तासभर सुकू द्या. शिवणयंत्राचं तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटून महिन्याभरात दुप्पट खरखर होते. जॅकची काळवंडलेली पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा.

मागच्या भोकाला जाळी नसेल तर त्यातही डोकावून बघा. झुरळं तर असतातच, पण कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला ती नळी फार आवडते. भोक अर्धं बुजलं की खर्ज जातो आणि माणूस सेटिंगमध्ये शोधत बसतो.

माळ्यावर जुन्या म्युझिक सिस्टिमचे लाकडी स्पीकर आहेत. ते वापरता येतील का?

येतील, आणि बऱ्याचदा बाजारातल्या नव्या प्लास्टिकच्या जोडीपेक्षा ते छान वाजतात. आधी जाळी काढून पडद्याची कड बोटाने हलकेच दाबा. रबराची असेल तर बहुधा शाबूत असते. फोमची असेल तर दमट हवेत तिचा भुगा झालेला असतो. पडदा चांगला असेल तर नवी कड चिकटवून मिळते. मल्टिमीटरने दोन टोकांमधला रोध मोजा: साधारण ६ आला तर स्पीकर ८ ओहमचा, साडेतीनच्या आसपास आला तर ४ ओहमचा, काहीच दाखवलं नाही तर आतली कॉइल किंवा एखादा जोड तुटलाय.

लाल-काळं पुसलं गेलं असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या आणि दोन टोकांना क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला तर सेलचं धन टोक जिथे लागलं ते लाल. दोन्ही स्पीकर असे तपासूनच जोडा. एक उलटा लागला तर दोघे एकमेकांचा खर्ज खातात आणि गायक मधे न राहता खोलीभर पसरतो.

अॅम्प्लिफायर म्हणून टीपीए३११६ चिपचा छोटा क्लास-डी बोर्ड पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ असे बोर्ड सहज मिळतात. १२ व्होल्टवर तो ८ ओहमला आठ-नऊ वॉट देतो, १९ व्होल्टच्या जुन्या लॅपटॉप चार्जरवर वीसच्या वर. मात्र काही थ्री-पिन लॅपटॉप चार्जरचं ऋण टोक आतून अर्थला जोडलेलं असतं आणि वर सांगितलेली गुणगुण इथेही सुरू होते. तशी झाली तर टू-पिन अडॅप्टर वापरा. या बोर्डवर दोन्ही बाजूंची काळी टोकं एकत्र जोडू नका, अॅम्प्लिफायर बंद पडेल किंवा जळेल. वायर तांब्याची, १ चौरस मिलिमीटरची. दोन मीटर लांबीला तिचा येऊन-जाऊन रोध ०.०७ ओहम भरतो, म्हणजे ८ ओहमच्या एक टक्क्याहून कमी. त्याहून महाग वायर घ्यायला कोणी सांगितलं तर हा आकडा दाखवा. स्वस्त वायरीचं टोक मात्र ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. वाजेल, पण टर्मिनलच्या स्क्रूखाली चेपून सैल होतं, आणि मग एका बाजूचा आवाज अधूनमधून जायला लागतो.